शस्त्रधाऱ्याचा संयम : आधुनिक संघर्षातील सैनिकाचे नैतिक मोल

सैनिकाविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा दोन टोकांत अडकलेली असते. एका टोकाला सैनिक हे राज्यसंस्थेच्या हातातील साधन मानले जाते. त्याने हुकूम पाळावा आणि त्या हुकमाच्या बऱ्यावाइटाचा हिशेब राज्यकर्त्यांनी द्यावा, अशी ही धारणा आहे. दुसऱ्या टोकाला तो पूजनीय वीर ठरतो आणि त्याच्या बलिदानापुढे मस्तक नमवले की समाजाचे कर्तव्य पुरे झाले, असे गृहीत धरले जाते. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांत सैनिक हा स्वतः विचार करणारा, निवड करणारा आणि त्या निवडीचे ओझे आयुष्यभर वाहणारा माणूस आहे, ही गोष्ट सारखीच नजरेआड होते. साधनाला सद्सद्विवेक नसतो आणि मूर्तीला प्रश्न विचारता येत नाहीत. त्यामुळे दोन्ही कल्पनांत सैनिकाच्या नैतिक जीवनाचा विचारच खुंटतो.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, सैनिकाचे नैतिक मोल त्याच्या प्राणार्पणाच्या तयारीत असतेच, परंतु त्याहून अधिक ते प्राण घेण्याची शक्ती हाती असताना तो ती कोठे आवरतो यात असते. आधुनिक संघर्षांच्या स्वरूपामुळे हा संयम पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण आणि कितीतरी निर्णायक झाला आहे. तो टिकवण्याची जबाबदारी एकट्या सैनिकावर टाकून त्याला रणांगणावर धाडणाऱ्या शासनाला व नागरिकांना मोकळे होता येत नाही.

१. दोन प्रश्न, दोन जबाबदाऱ्या

युद्धाच्या नीतिशास्त्रात दोन प्रश्न परंपरेने वेगळे ठेवले जातात. युद्ध सुरू करणे न्याय्य होते काय, हा पहिला प्रश्न. आणि सुरू झालेले युद्ध न्याय्य रीतीने लढले गेले काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रामुख्याने राज्यकर्त्यांनी द्यायचे असते, तर दुसऱ्याचे उत्तर सेनापतीपासून शिपायापर्यंत शस्त्र धारण करणाऱ्या प्रत्येकाने. अमेरिकी तत्त्वचिंतक मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ या ग्रंथात या विभागणीच्या आधारे सैनिकांच्या नैतिक समतेचा सिद्धांत मांडला. दोन्ही बाजूंचे सामान्य सैनिक परिस्थितीने, कायद्याने किंवा देशनिष्ठेने रणांगणावर आणलेले असतात आणि एकमेकांसाठी सारखेच धोकादायक असतात. म्हणून नियमांच्या चौकटीत लढणारा सैनिक, त्याच्या शासनाचा पक्ष अन्याय्य असला तरी, गुन्हेगार ठरत नाही, असा त्या सिद्धांताचा आशय आहे.

या मताला जेफ मॅकमहान यांनी २००९ मधील ‘किलिंग इन वॉर’ या ग्रंथात सविस्तर आव्हान दिले. अन्याय्य आक्रमणात सहभागी होणारा आणि त्या आक्रमणापासून स्वतःच्या घराचे रक्षण करणारा यांना एका पारड्यात तोलणे गैर आहे, कारण गणवेश चढवल्याने माणसाची विचारशक्ती संपत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तत्त्व म्हणून हा आक्षेप वजनदार आहे. परंतु व्यवहारात तो जसाच्या तसा लागू केला, तर प्रत्येक पक्ष शत्रुसैनिकाला गुन्हेगार ठरवील, शरण आलेल्याला अभय देण्याचे कारण उरणार नाही आणि युद्ध अधिकच निर्दय होईल. त्यामुळे वॉल्झर यांची समता कायद्यासाठी स्वीकारावी आणि मॅकमहान यांचा प्रश्न विवेकासाठी जागा ठेवावा, हा मार्ग अधिक टिकाऊ दिसतो: शत्रुसैनिकाशी माणसासारखे वागण्याचे बंधन त्याच्या पक्षाच्या न्याय्यतेवर अवलंबून असू नये, आणि ‘मला पाठवले म्हणून आलो’ हे उत्तर प्रत्येक कृत्याला पुरे पडू नये.

पहिल्या बंधनाचे बोलके उदाहरण कारगिलच्या युद्धात घडले. जुलै १९९९ मध्ये टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (यातील ‘कर्नल’ हा हुद्दा नसून नावाचाच भाग होता) आपल्या सैनिकांना गोळा करून प्रतिहल्ला करताना मारले गेले. ज्यांच्या सैनिकांविरुद्ध ते लढले, त्या भारतीय ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांचा मृतदेह शिखरावरून खाली आणवला आणि हा अधिकारी अत्यंत शौर्याने लढला अशा आशयाची चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवून तो परत पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-हैदर’ हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. ज्या पाकिस्तानी घुसखोरीतून हे युद्ध पेटले, तिच्या अन्याय्यतेविषयी भारतीय सेनेच्या मनात शंका नव्हती, तरीही समोरच्या सैनिकाच्या माणूसपणाची दखल घेण्यात त्यामुळे अडथळा आला नाही.

२. मर्यादांची परंपरा

युद्धाला मर्यादा असावी ही कल्पना आधुनिक नाही आणि ती एकट्या पश्चिमेची देणगीही नाही. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी दोन्ही सैन्ये नियम ठरवतात: बरोबरीच्याने बरोबरीच्याशी लढावे, शस्त्र टाकलेल्यावर, पळणाऱ्यावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर वार करू नये. पुढे हे नियम दोन्ही बाजूंनी एकेक करून मोडले जातात आणि त्याची परिणती सौप्तिकपर्वातील झोपलेल्या माणसांच्या कत्तलीत होते. मर्यादा ओलांडण्याची पहिली पायरी नेहमी अपवाद म्हणून चढली जाते आणि त्या चढणीला शेवटची पायरी नसते, ही महाभारताची शिकवण आजच्या कोणत्याही लष्करी प्रशिक्षणवर्गात तितकीच लागू पडेल.

मराठी इतिहासात या विचाराचा ठसठशीत पुरावा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात छावणीस असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना पाठवलेले पत्र. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा व वैरण बेहिशेबी उधळली, तर शिपाई रयतेच्या घरून धान्य, भाजी, गवत उचलू लागतील, कुणबी परागंदा होतील आणि मोगलांपेक्षाही हेच वाईट अशी भावना लोकांत पसरेल, असा इशारा त्यात आहे. म्हणून लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणावे, अशी ताकीद आहे. या पत्राचे महत्त्व केवळ दयाबुद्धीत नाही. सैनिकाने रयतेला त्रास देऊ नये एवढे सांगून ते थांबत नाही, तर शिधा कसा पुरवावा, आगीपासून गवताच्या गंजी कशा जपाव्या, याच्या बारीकसारीक सूचना देते. संयम उपदेशाने टिकत नाही, त्यामागे व्यवस्था उभी करावी लागते, हे त्या राज्यकर्त्याला पुरते उमगले होते.

युरोपात हाच विचार एकोणिसाव्या शतकात लिखित आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळला. २४ जून १८५९ च्या सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमींची झालेली परवड पाहून आंरी द्युनां या स्विस गृहस्थाने जे लिहिले व ज्या खटपटी केल्या, त्यांतून रेड क्रॉसची चळवळ आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार आकाराला आला. अमेरिकी यादवीत १८६३ साली लिंकन यांच्या शासनाने सैन्यासाठी लिबर संहिता काढली. हेग येथे १८९९ व १९०७ मध्ये परिषदा झाल्या. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवातून १२ ऑगस्ट १९४९ चे चार जिनिव्हा करार झाले. या साऱ्या कायद्याचा गाभा दोन तत्त्वांत सामावतो. विभेदाचे तत्त्व सांगते की लढणारे आणि न लढणारे यांत भेद करून केवळ लढणाऱ्यांवरच हल्ला करावा. प्रमाणबद्धतेचे तत्त्व सांगते की लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची अवाजवी हानी होणार असेल, तर तो हल्ला करू नये.

३. बदललेले रणांगण

ही तत्त्वे ज्या रणांगणाला डोळ्यांसमोर ठेवून घडली, ते आता क्वचितच आढळते. गणवेशातील दोन सैन्ये मोकळ्या मैदानात समोरासमोर ठाकण्याऐवजी आजचा संघर्ष शहराच्या गल्लीत, डोंगरवाडीत, बाजारात आणि शाळेच्या आवारात घडतो. एका बाजूला नियमित सैन्य असते, तर दुसऱ्या बाजूला सामान्य वेशात मिसळून गेलेले बंडखोर. अमेरिकेच्या मरीन कोअरचे तत्कालीन प्रमुख जनरल चार्ल्स क्रुलाक यांनी १९९९ मध्ये या परिस्थितीचे वर्णन करताना असे दाखवून दिले की, एकाच शहराच्या एका भागात सैनिक अन्नवाटप करत असतो, दुसऱ्या भागात दोन टोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवत असतो आणि तिसऱ्या भागात प्रत्यक्ष लढत असतो. अशा वेळी एका कॉर्पोरलच्या निर्णयाचे पडसाद थेट राजकीय पातळीवर उमटतात.

याचा नैतिक अर्थ दूरगामी आहे. पूर्वी ज्या निर्णयांचा भार सेनापती वाहत असे, ते निर्णय आज तपासणी नाक्यावर उभ्या असलेल्या विशी-पंचविशीच्या जवानाला काही सेकंदांत घ्यावे लागतात. वेगाने येणारी गाडी थांबत नाही. आत घाबरलेले कुटुंब आहे की स्फोटके, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. गोळी झाडली आणि कुटुंब निघाले, तर निरपराधांचे रक्त त्याच्या माथी येते. गोळी झाडली नाही आणि स्फोटके निघाली, तर सोबत्यांचे. म्हणून आधुनिक सैनिकाचा संयम भीती, थकवा आणि अर्धवट माहिती यांच्या दाटीत पणाला लागतो. तेथे तो केवळ स्वभावगुण म्हणून टिकत नाही, वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने अंगी बाणवावा लागतो.

४. कोरियातील रखवालदार

अशा संयमाचे एक उज्ज्वल आणि आज जवळपास विसरले गेलेले उदाहरण भारतीय सेनेच्या इतिहासात आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी कोल्हापूरचे एक सुपुत्र आहेत. जुलै १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, तेव्हा युद्धकैद्यांचा प्रश्न सर्वांत चिघळलेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील सुमारे २२ हजार ६०० चिनी व उत्तर कोरियन कैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला होता. दुसऱ्या पक्षाकडील अशा कैद्यांची संख्या ३५९ होती. त्यांचा नकार खरा आहे की धाकदपटशाने वदवलेला, हे तपासण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद भारताचे जनरल के. एस. थिमय्या यांच्याकडे आले आणि कैद्यांच्या रखवालीसाठी मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभिरक्षक दल गेले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतीय सैनिकांना इतका विरोध होता की, त्यांचे पाय दक्षिण कोरियाच्या भूमीला लागू नयेत म्हणून त्यांना इंचॉनजवळ जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

या दलाचे काम लढण्याहून अवघड होते. कैद्यांच्या छावण्यांत संघटित गट होते, मायदेशी परतू इच्छिणाऱ्यांना ते दहशतीखाली ठेवत. कैद्यांचा भारतीयांवर विश्वास नव्हता आणि दोन्ही महासत्तांचे गट भारतावर पक्षपाताचा आरोप करण्यास टपलेले होते. सप्टेंबर १९५३ मध्ये क्षुब्ध कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेऊन ओलीस ठेवले. बाहेर सशस्त्र भारतीय सैनिक होते आणि आपल्या अधिकाऱ्याच्या सुटकेसाठी गोळीबाराचा आदेश दिला असता, तर बहुतेक जगाने तो समजून घेतला असता. थोरातांनी तो आदेश दिला नाही. मोजके अधिकारी बरोबर घेऊन ते स्वतः त्या जमावात शिरले, कैद्यांशी बोलले आणि ग्रेवाल यांना सुखरूप बाहेर घेऊन आले.

ही घटना केवळ धाडसाची म्हणून सांगितली, तर तिचे मर्म हातून निसटते. दलप्रमुखाने स्वतःचा जीव धोक्यात घातला तो शत्रूला मारण्यासाठी नव्हे, तर आपल्या सैनिकांना मारावे लागू नये म्हणून; आणि ज्यांना वाचवायचे होते त्यांत ओलीस ठेवणारे कैदीही होते. या मोहिमेत पुढे काही प्रसंगी गोळीबार करावा लागला व त्यात कैदी दगावले, हेही नोंदवले पाहिजे, कारण संयम म्हणजे शस्त्राचा सर्वस्वी त्याग नव्हे. अन्य सारे उपाय थकल्यावरच आणि लागेल तेवढेच बळ वापरणे म्हणजे संयम. थोरातांना या कामगिरीबद्दल अशोकचक्र (वर्ग २) मिळाले, ज्याला पुढे कीर्तिचक्र हे नाव देण्यात आले. रोखलेल्या गोळीसाठी राष्ट्राने दिलेला हा सन्मान शौर्याच्या व्याख्येत मोलाची भर घालणारा आहे.

५. आदेश आणि विवेक

संयमाची याहून कठोर कसोटी तेव्हा लागते, जेव्हा वरून येणारा आदेशच मर्यादा ओलांडणारा असतो. आज्ञापालन हा सैन्याचा कणा आहे. प्रत्येक हुकमावर वाद घालणारी पलटण लढू शकत नाही आणि राजकीय नेतृत्वाची आज्ञा न मानणारे सैन्य लोकशाहीला घातक ठरते. तरीही सुसंस्कृत देशांचा लष्करी कायदा आंधळे आज्ञापालन मागत नाही. भारताच्या १९५० च्या सेना अधिनियमातील कलम ४१ वरिष्ठाच्या ‘कायदेशीर’ आदेशाचा भंग हा गुन्हा मानते; त्या विशेषणात सैनिकाच्या विवेकासाठी कायद्याने राखलेली जागा आहे. न्यूरेंबर्गच्या खटल्यांतून निघालेल्या तत्त्वांनीही, नैतिक निवड खरोखर शक्य असेल तर वरिष्ठाचा हुकूम ही सबब जबाबदारीतून सुटका देत नाही, असे ठरवले.

इस्रायलमधील कफर कासिम येथील घटना या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी अरब गावांत संचारबंदी लागू झाली आणि ती मोडणाऱ्यांवर गोळी झाडण्याचा आदेश निघाला. दिवसभर शेतात राबून परतणाऱ्या लोकांना संचारबंदीची खबरही नव्हती. बहुतेक गावांतील तुकडीप्रमुखांनी या माणसांना मुकाट घरी जाऊ दिले. कफर कासिमच्या वेशीवर मात्र सीमा पोलिसांच्या तुकडीने स्त्रिया व मुलांसह चाळीसहून अधिक लोकांना ठार केले. आदेश एकच, पण तो हाती घेणारी माणसे वेगळी होती. पुढे खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की, काही आदेशांची बेकायदेशीरता इतकी उघड असते की ती कोणत्याही माणसाच्या डोळ्यांना टोचावी, आणि असा आदेश न पाळणे हेच कर्तव्य असते.

व्हिएतनाममधील माय लाय येथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी पायदळाच्या एका कंपनीने नि:शस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. अमेरिकी लष्कराच्या मोजणीनुसार ३४७ आणि व्हिएतनामी नोंदीनुसार ५०४ माणसे मारली गेली. त्या सकाळी वॉरंट ऑफिसर ह्यू थॉम्पसन टेहळणीच्या हेलिकॉप्टरमधून खालचे दृश्य पाहत होते. खंदकात दडलेल्या गावकऱ्यांकडे अमेरिकी सैनिक सरकत असल्याचे दिसताच त्यांनी हेलिकॉप्टर दोघांच्या मध्ये उतरवले आणि या लोकांवर गोळी झाडली गेली, तर आपल्याच सैनिकांवर बंदूक चालवा, असे ग्लेन अँड्रिओटा व लॉरेन्स कोलबर्न या साथीदारांना बजावले. दडलेल्या गावकऱ्यांना त्यांनी दुसऱ्या हेलिकॉप्टरमधून सुरक्षित जागी हलवले. मृतदेहांनी भरलेल्या चरात काहीतरी हलताना दिसले, तेव्हा अँड्रिओटा आत उतरले आणि त्यांनी एक जिवंत मूल बाहेर काढले. तीन आठवड्यांनी अँड्रिओटा युद्धात मारले गेले.

यानंतर जे घडले ते समाजाच्या वागण्यावर प्रकाश टाकणारे आहे. कत्तलीबद्दल दोषी ठरला तो लेफ्टनंट विल्यम कॅली हा एकच अधिकारी; त्याची जन्मठेप सुमारे साडेतीन वर्षांच्या, बहुतांशी घरातील स्थानबद्धतेत आटोपली आणि मोठ्या जनसमूहाने त्याचा कैवार घेतला. थॉम्पसन यांना मात्र फितूर म्हणून हिणवले गेले, धमक्या आल्या. त्या तिघांना पदके मिळाली ती मार्च १९९८ मध्ये, घटनेनंतर ३० वर्षांनी. सैन्यावर प्रेम करतो म्हणणारा समाज पुष्कळदा सैन्याची अब्रू राखणाऱ्यालाच दूर लोटतो, हे या कहाणीतून उघड दिसते. गणवेशाची प्रतिष्ठा त्या दिवशी गोळ्या झाडणाऱ्या कंपनीने मातीत घातली आणि तीन माणसांच्या हेलिकॉप्टरने ती सावरून धरली.

६. साधनांविना सोपवलेली जबाबदारी

सैनिकाच्या विवेकाला मर्यादा घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे त्याला पाठवणाऱ्यांची संदिग्धता. रवांडात १९९४ च्या जानेवारीतच संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे कॅनेडियन प्रमुख जनरल रोमेओ डॅलेर यांनी शस्त्रसाठ्यांवर छापे घालण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. एप्रिलमध्ये नरसंहार सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने दल वाढवण्याऐवजी ते २७० पर्यंत घटवण्याचा ठराव केला. त्या भयाण काळात सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियान्ये हे नि:शस्त्र लष्करी निरीक्षक नाक्यांनाक्यांवर मारेकऱ्यांची समजूत घालत, हास्यविनोद करत माणसे थोडी थोडी करून गाडीतून सुरक्षित स्थळी नेत राहिले. शेकडो जीव वाचवून ३१ मे १९९४ रोजी ते तोफगोळ्याने मृत्युमुखी पडले. एका माणसाचे हे कर्तृत्व जितके मोठे, तितकेच त्याला एकट्याला सोडणाऱ्या जगाचे अपयश मोठे होते.

बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले ‘सुरक्षित क्षेत्र’ होते, परंतु जुलै १९९५ मध्ये ते राखण्यासाठी असलेले डच सैनिक संख्येने तुटपुंजे आणि हलक्या शस्त्रांचे होते. शहर पडले आणि आठ हजारांवर पुरुष व मुलगे मारले गेले. या प्रकरणात नेदरलँड्सने जबाबदारीचा हिशेब दीर्घकाळ मांडला: चौकशी अहवालानंतर २००२ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डच छावणीतून बाहेर काढल्या गेलेल्या ३५० पुरुषांच्या बाबतीत राज्याला अंशतः जबाबदार धरले, आणि २०२२ मध्ये पंतप्रधानांनी त्या सैनिकांची, तर संरक्षणमंत्र्यांनी मृतांच्या नातेवाइकांची माफी मागितली. बळींप्रति आणि सैनिकांप्रति असलेली राज्याची जबाबदारी एकमेकींना खोडून काढत नाही, हे या दुहेरी माफीने मान्य केले.

भारताला असा हिशेब श्रीलंकेतील शांतिसेनेबाबत मांडणे अजून बाकी आहे. १९८७ मध्ये शांतता राखण्यासाठी गेलेले भारतीय सैन्य पाहता पाहता लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेविरुद्धच्या युद्धात ओढले गेले आणि १९९० पर्यंत सुमारे १२०० सैनिकांनी प्राण गमावले. मुंबईत जन्मलेले आणि महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये असलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या झुंजीतील पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाफना रुग्णालयात भारतीय सैन्याच्या कारवाईत रुग्ण, डॉक्टर व कर्मचारी मारले गेले. पहिल्या घटनेचा गौरव करताना दुसरीविषयी मौन पाळल्याने सैन्याचा मान वाढत नाही. सैनिक परतले, तेव्हा तामिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. धोरण फसल्याचा राग धोरणकर्त्यांऐवजी सैनिकांवर काढला गेला आणि मोहिमेची खुली, सर्वांगीण चिकित्साही झाली नाही.

७. स्वदेशातील संघर्ष

संयमाची सर्वांत नाजूक कसोटी स्वतःच्या देशात लागते, कारण तेथे समोरची वस्ती स्वकीयांची असते. सशस्त्र दले (विशेष अधिकार) अधिनियम, १९५८ हा कायदा अशांत घोषित केलेल्या प्रदेशात सैन्याला अटक, झडती व बळाचा वापर यांचे व्यापक अधिकार देतो आणि केंद्राच्या मंजुरीविना सैनिकांवर खटला चालवण्यास मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा कायदा वैध ठरवला, पण त्याबरोबरच काय करावे व काय करू नये यांविषयीच्या सेनेच्या स्वतःच्याच सूचना बंधनकारक मानल्या. मणिपूरमधील कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात ८ जुलै २०१६ च्या निकालाने हेही स्पष्ट केले की, अशांत प्रदेशातही अतिरिक्त किंवा सूडबुद्धीने बळ वापरण्याची मुभा नाही आणि तशा आरोपाची चौकशी झालीच पाहिजे.

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील ओटिंग येथे कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर चुकीच्या ओळखीतून सैन्याच्या विशेष दलाने गोळीबार केला आणि सहा मजूर ठार झाले. त्यानंतर उसळलेल्या संतापात आणखी जीव गेले, त्यांत एक सैनिकही होता. केंद्र सरकारने पुढे खटल्यास मंजुरी नाकारली. अशा निर्णयाने सैनिकांचे मनोधैर्य राखले जाते, असा समज आहे. परंतु मनोधैर्याचा खरा आधार आपल्या संस्थेच्या न्यायबुद्धीवरचा विश्वास असतो. ज्या शेकडो तुकड्या वर्षानुवर्षे दगडफेक, टोमणे आणि घातपात सोसून बंदूक खाली ठेवतात, त्यांच्या संयमाचे मोल एका चुकीची निःपक्ष तपासणी झाल्याने कमी होत नाही; तपासणी टळली, तर मात्र संयमी आणि बेफिकीर यांतला फरकच पुसला जातो.

८. समाजाचे देणे

संयमाची किंमत सैनिक मनाने मोजतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ज्या व्यथेकडे लक्ष वेधले, तिला नैतिक आघात असे म्हणतात: योग्य काय हे ठाऊक असताना त्याच्या विपरीत काही केल्याने, पाहिल्याने किंवा विश्वासाच्या माणसाने ते घडवल्याने होणारी जखम. भीतीतून होणाऱ्या मानसिक आघाताहून ती वेगळी असते. हजारो मैलांवरून पडद्यावर पाहून ड्रोन चालवणाऱ्यालाही ती होऊ शकते, कारण त्याच्या शरीराला धोका नसला तरी लक्ष्याचा चेहरा त्याने तासन्‌तास पाहिलेला असतो. मानवी निर्णयाविना लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्रांवर २०१४ पासून जिनिव्हात चर्चा सुरू आहे. त्या शस्त्रांविषयीचा गंभीर आक्षेप हाच की, ज्याला जखम होऊ शकत नाही त्याला थांबण्याचे कारणही उरत नाही.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि आजही तेथील घराघरांतून मुले सैन्यात जातात; लोक त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. अशा गावांचे ऋण दरवर्षी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी दिल्याने किंवा सिनेमागृहात टाळ्या वाजवल्याने फिटत नाही. त्या घरांतील मुलांना कोठे, कशासाठी आणि कोणत्या मर्यादेत पाठवले जात आहे, हे विचारण्याचे काम पाठवणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे आहे. युद्धाचा आग्रह धरण्यापूर्वी त्याचे स्पष्ट उद्दिष्ट मागणे, मोहीम संपल्यावर तिची प्रामाणिक चिकित्सा मागणे, चुकीची चौकशी आणि संयमाचा गौरव या दोन्ही गोष्टी एकाच निष्ठेने मागणे, आणि परतलेल्या सैनिकाला पराक्रमाची कथा सांगण्याची सक्ती न करता त्याच्या मनावरचे ओझे ऐकून घेणे, हे ते काम आहे.

कोरियात गोळीबार रोखणारा सेनानी, माय लायमध्ये आपल्याच सैन्याच्या आडवा उभा राहणारा वैमानिक आणि रवांडातील नाक्यांवर नि:शस्त्र फिरणारा कॅप्टन यांना वीरपुरुष म्हणून देव्हाऱ्यात बसवणे सोपे आहे. त्यांनी जे एकाकी, स्वतःच्या जिवाच्या व प्रतिष्ठेच्या जोखमीवर केले, ते सामान्य जवानालाही करता यावे असे प्रशिक्षण, असा कायदा आणि असे लोकमत उभारणे कठीण आहे. तरीही सैनिकाचा आदर याच कष्टांतून खरा ठरतो. कारण ज्या समाजाला आपल्या सैनिकाच्या हातांनी काय घडले हे जाणून घ्यायचे नसते, त्याने सैनिकाच्या वतीने अभिमान बाळगण्याचा अधिकारही गमावलेला असतो.